‘कशावरून?’ असं विचारणाऱ्या मुलामुलींना

अकरावीत प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनो,

अनेक आशीर्वाद.

निकाल लागला, पेढे वाटून झाले, आणि आता रोज रात्रीच्या जेवणाला घरात तोच विषय निघत असेल. कुठली शाखा, कुठले विषय, कुठला क्लास. एखादा काका म्हणत असेल सायन्सच घे, पुढे सगळे रस्ते उघडे राहतात. आणि तुमच्यापैकी कुणी हळूच ‘आर्ट्स’ म्हटलं असेल, तर पाहुण्यांनी लगेच विचारलं असेल, ‘का, मार्क कमी पडले का?’

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गात बाकं पुरायची नाहीत. निवृत्त झाले त्या वर्षी समोर अकरा मुलं होती, आणि पुढच्या जूनपासून तो विषयच बंद झाला. संख्या नाही म्हणून तुकडी नाही, तुकडी नाही म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून ज्यांना हा विषय हवा होता त्यांनाही तो मिळेना. हे पत्र शिक्षणमंत्र्यांना लिहावं असं आधी मनात होतं. पण फॉर्म तुम्ही भरणार आहात, म्हणून तुम्हालाच लिहिते.

इतिहास नको असं तुम्हाला वाटतं, यात तुमची चूक नाही. चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक हातात आलं तेव्हा तुम्हीच ते शाळेच्या पहिल्या आठवड्यात वाचून संपवलं होतं. पुढच्या सहा वर्षांत आम्ही शिक्षकांनी त्याच्या सनावळ्या केल्या. कारणे द्या, टिपा लिहा, योग्य पर्याय निवडा. दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडा इतिहास कसा लिहितात यावर आहे, आणि माझ्या मते शाळेच्या दहा वर्षांतला तो सगळ्यात मोलाचा धडा आहे. तोही आम्ही चाळीस गुणांत बसवून उरकतो. इतिहास म्हणजे पाठांतर, असा तुमचा समज आमच्यामुळेच झाला. तो खोडून काढायचा तर एकच शब्द हाताशी आहे, आणि तो तुम्ही लहानपणापासून वापरता. ‘कशावरून?’

शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते हे तुम्हाला माहीत आहे. पण कशावरून? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बहुतेक लोक शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इसवी सन १६२७, हा महाराजांचा जन्मकाळ धरून चालत. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. तिच्यात नोंद होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेची. एका नोंदीवर कुणी लगेच विश्वास ठेवला नाही. शकावलीतल्या इतर तारखा फारसी आणि इंग्रजी कागदांशी ताडून पाहिल्या गेल्या. जोधपूरला एक जन्मपत्रिका मिळाली, तिचा मेळ बसला. वाद चालूच राहिला, आणि महाराष्ट्र शासनाने १६३० ची तारीख स्वीकारली ती २००१ साली. एका तारखेसाठी पंचाऐंशी वर्षं! परीक्षेत तुम्ही ती अर्ध्या मिनिटात लिहिता. त्या पंचाऐंशी वर्षांत माणसांनी काय काय केलं, ते अकरावी-बारावीत आणि त्यापुढे शिकायला मिळतं.

संभाजी महाराजांचं उदाहरण याहून बोलकं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने जी नाटकं पाहिली त्यांत संभाजीराजे व्यसनी आणि उतावळे होते. ही प्रतिमा मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून आलेली. ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी, त्यांना संभाजी महाराजांनीच देहान्ताची शिक्षा दिली होती. आता सांगा, ती बखर कशी वाचायची? फेकून द्यायची नाही, कारण तिच्यातही उपयोगाचं बरंच आहे. पण कोण लिहितोय, केव्हा, कुणासाठी आणि कुठल्या दुखऱ्या जागेवरून, हे विचारल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी हेच केलं. महाराजांच्या हयातीतले कागद देशात आणि परदेशात शोधत त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं घालवली आणि १९६० साली त्यांनी लिहिलेलं संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध झालं. आज तुम्ही ज्या संभाजीराजांचा अभिमान बाळगता, ते या चिकाटीने तुमच्यापर्यंत पोहोचले आहेत. नुसत्या अभिमानाने ते झालं नसतं. अभिमान तर बखर वाचणाऱ्यांनाही होताच.

आता महाडबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण तो प्रसंग तुम्हाला अर्धाच शिकवला जातो.

२० मार्च १९२७. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करून घेतले होते, आणि महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला होता, हेही काहींना आठवत असेल. पुढचं मात्र पुस्तकात एखाद्या ओळीत येतं किंवा येतच नाही. १९२७ च्याच डिसेंबरमध्ये महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं. तळं खाजगी आहे, ही एक. आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट पूर्वापार, अनादिकालापासून चालत आली आहे, ही दुसरी. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यामुळे बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये महाडला भरवलेल्या परिषदेत हजारो लोक जमूनही तळ्याचं पाणी न घेण्याचा निर्णय झाला.

पुढची दहा वर्षं हा दावा चालला. खालचं कोर्ट, अपील, मग मुंबई उच्च न्यायालय. प्रतिवादींमध्ये पहिलं नाव भीमराव रामजी आंबेडकर. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला. तळं नगरपालिकेचं ठरलं, आणि वहिवाट अनादिकालापासूनची आहे हे दावा लावणाऱ्यांना सिद्ध करता आलं नाही.

मुलांनो, हा निकाल मी दर वर्षी वर्गात सांगायचे आणि दर वर्षी माझा आवाज थोडा बदलायचा. ‘पूर्वीपासून असंच आहे’ हे वाक्य या देशात किती माणसांच्या छातीवर दगडासारखं ठेवलं गेलं असेल. महाडला त्या वाक्याला कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं आणि विचारलं गेलं: पूर्वी म्हणजे केव्हा? कुणी पाहिलं? कागद कुठाय? आणि ते वाक्य तिथे टिकलं नाही. तळ्यावरचं धैर्य मोठं होतंच, त्याची बरोबरी कशाशी होणार नाही. पण दहा वर्षं पुरावे मांडत राहणं, समोरच्याचे साक्षीपुरावे तपासत राहणं, हेही त्याच लढ्याचं काम होतं. घरात, गावात, लग्नाच्या बैठकीत तुम्हालाही कुणी तरी म्हणेल की आपल्यात असं पहिल्यापासून चालत आलंय. मुलींना तर नक्की म्हणेल. त्या वेळी ‘पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?’ हा प्रश्न शांतपणे विचारता आला पाहिजे, आणि उत्तर शोधायचं कसं हेही माहीत पाहिजे.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. ती सुप्याच्या बाजूच्या एका वाडीतून एसटीने यायची. बारावीला दख्खनच्या शेतकऱ्यांचा उठाव शिकवत होते. १२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्ह्यातलं आठवडी बाजाराचं गाव. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की बहुतेक ठिकाणी जमावाला हवे होते ते कागद. रोखे हवाली केले की माणसाला हात लावत नसत.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळलेले तीन कागद घेऊन आली. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होते म्हणाली, आजी त्यांना हळदकुंकू लावते, काय आहेत कुणाला माहीत नाही. मोडी लिपीत लिहिलेले. बोरूने काढलेली लांबच लांब रेघ आणि तिच्याखाली शब्द न तोडता चाललेलं लिखाण. मला मोडी बेताचीच येत होती. ओळखीच्या एका जाणकारांना बोलावलं, ते सत्तरीचे होते, आणि आम्ही तिघं दोन दुपारी स्टाफरूममध्ये बसलो. निघाले ते कर्जरोखेच. एकाच घराण्याचे, तीन-तीन वर्षांच्या अंतराने लिहिलेले. दर कागदावर आकडा वाढलेला, आणि नवी रक्कम हातात दिल्याचा उल्लेख कुठेच नाही.

तेव्हा मला पुस्तकातलं एक वाक्य पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरच्या कर्जाला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू होता शेतकऱ्याचं व्याज बेसुमार वाढू नये. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागले, आणि अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला न भूतो असा भाव आला होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. तिकडे युद्ध संपलं, भाव पडला, इकडे शेतसारा वाढवून बसवला गेला, आणि सावकाराने कर्ज द्यायचं थांबवलं. हजारो मैलांवरचं युद्ध थांबतं आणि भीमथडीतला शेतकरी बुडतो. कापसाचा, कांद्याचा, सोयाबीनचा भाव रोज फोनवर पाहणाऱ्या घरातली मुलं तुम्ही, तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. रोख्यावरचा आकडा पाहून थांबू नका, व्यवहार पहिल्यांदा सुरू झाला तिथपासून त्याचा सगळा इतिहास तपासा, असं त्या कायद्याने कोर्टाला सांगितलं. ते तीन कागद टेबलावर ओळीने मांडून आम्ही नेमकं तेच करत होतो.

कागद वाचून झाले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘बाई, आमच्यात म्हणतात पणजोबांनी दारूपायी जमीन घालवली.’ मी काहीच बोलले नाही. कागदांवरून एवढंच कळत होतं की कर्ज पणजोबांच्याही आधीच्या पिढीचं होतं. दारूबद्दल कागद काही सांगत नव्हते, आणि ते तिला मी तसंच सांगितलं. ती आज एका पतसंस्थेत कर्जविभागात काम करते. सही घेण्याआधी समोरच्या माणसाला अर्ज पूर्ण वाचून दाखवते. त्यावरून वरिष्ठांची बोलणीही खाते, असं मागे फोनवर सांगत होती.

आता पोटापाण्याचं. तुमच्या आईवडिलांचा हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. इतिहास घेतला म्हणून नोकरी हातात पडत नाही. नुसती पदवी घेऊन घरी बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडे पाहताना मला अपराधी वाटतं. पण बी.कॉम. आणि इंजिनिअरिंग करून घरी बसलेलेही पाहिले आहेत. कायद्याचा अभ्यास, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा, शिक्षण या वाटांवर इतिहासाचा पाया कामाला येतो. पुरातत्त्व शिकायचं तर पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, ज्याच्या संशोधकांनी शिरूर तालुक्यातल्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं मातीतून वर काढली. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत त्या किल्ल्यांची डागडुजी, नोंदी आणि येणाऱ्यांना खरी माहिती सांगणं यासाठी माणसं लागणार आहेत. चुना कसा मळतात हे माहीत असलेला एक इतिहासाचा विद्यार्थी हवा, नाहीतर आपण तटबंदीला सिमेंट फासून मोकळे होऊ.

आणि मोडी. २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा तहसील कचेऱ्यांमध्ये जुने दस्त निघाले, जन्ममृत्यूची गाव नमुना चौदाची रजिस्टरं निघाली, आणि ती वाचायला माणसं मिळेनात. त्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो. आपल्याच पणज्याचं नाव आपल्याच भाषेत लिहिलेलं समोर आहे आणि ते वाचता येत नाही, अशी वेळ एका अख्ख्या समाजावर आली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी तो समुद्रातला एक तांब्या. बाकीचं कोण वाचणार आहे? तुमच्याशिवाय मला तरी दुसरं कुणी दिसत नाही.

फोनवर इतिहास भरपूर येतो, हे मला ठाऊक आहे. माझ्याही येतो. पहाटे पाचला सुरू होतो. अमुक राजाने तमुक केलं, हे तुमच्यापासून लपवलं गेलं, खरे असाल तर पुढे पाठवा. त्यांतल्या काही गोष्टी खऱ्याही असतात. पण खाली कधी कागदाचा पत्ता नसतो, साल नसतं, मूळ शब्द नसतात. अशा एका संदेशावरून दोन आळ्यांतली पोरं एकमेकांवर धावून गेलेली मी माझ्या गावात पाहिली. त्यातले तिघे माझे विद्यार्थी होते. रात्री पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या एकाला मी विचारलं, ‘अरे, ते पत्र कुणी, कधी लिहिलंय, पाहिलंस का?’ तो म्हणाला, ‘नाही बाई.’ त्या उत्तराचा सल मला अजून आहे. दोन वर्षं तो माझ्या वर्गात बसला होता.

ज्यांचा कल खरंच विज्ञानाकडे आहे त्यांनी विज्ञानच घ्यावं, मनापासून घ्यावं. हे पत्र त्यांना अडवायला लिहिलेलं नाही. लिहिलंय ते अशा मुलासाठी, जो भीमाशंकरला गेला की सगळे दर्शनाच्या रांगेत पुढे सरकत असताना त्या मोठ्या घंटेपाशी थांबतो, तिच्यावरचा क्रॉस पाहतो आणि विचारतो, महादेवाच्या दारात हा कसा आला? त्याच्या वडिलांना माझी विनंती आहे, त्याला ओढू नका. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तिथून अशा घंटा घाटावर आल्या. ते उत्तर त्याला मिळेल. त्याच्यापुढे त्याला आणखी दहा प्रश्न पडतील, आणि ते विचारायला त्याला एक वर्ग लागेल, एक शिक्षक लागेल. म्हणून म्हणते, फॉर्मवर नाव लिहा. तुमच्या महाविद्यालयात विषय बंद असेल तर दहा-वीस जण मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. तोंडी विचारलंत तर ‘मुलांची मागणीच नाही’ असं उत्तर येतं, आणि अर्जाची पोच हातात असली की ते देता येत नाही.

प्रवेश होईपर्यंत सुट्टी आहे. घरात माळा असेल, पत्र्याची पेटी असेल, देवघरामागे कापडात बांधलेलं काही असेल, तर मोठ्यांना विचारून ते खाली काढा. हात धुऊन कोरडे करा. खाली स्वच्छ धोतर किंवा चादर अंथरा. घडी जिथे कडक झाली असेल तिथे जोर लावू नका, ती तशीच राहू द्या. कागद फाटला असेल तरी चिकटपट्टी लावू नका, आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मग एका वहीत लिहा: कागद कुठे सापडला, कुणाच्या ताब्यात होता, त्याच्यासोबत आणखी काय होतं, आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस त्याच्याबद्दल काय सांगतं. ते जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत. शेवटी तारीख घाला आणि खाली तुमचं नाव.

तुमची,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका